यजमानीण कुठे बसणार?

“काकू, तुमची आवड कशी आहे? मिनिमल, कंटेम्पररी, की थोडं पारंपरिक?” लॅपटॉप उघडता उघडता डिझायनर मुलीने विचारलं.

“पंधरा ते पंचवीस,” वहिनी म्हणाली. “गणपतीत चाळीस.”

मुलगी हुशार होती. तिने लॅपटॉप मिटला आणि वही काढली.

कोथरूडमधला हा फ्लॅट रेराच्या हिशेबाने साडेनऊशे चौरस फूट कार्पेट. त्यात दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, आमची आई आणि बारा महिने चालणारी ये-जा. दादाला माणसं जमवायचं व्यसन आहे. व्यसनच म्हणायचं, कारण ते सुटत नाही आणि त्याचा त्रास घरच्यांना होतो. चैत्रात हळदीकुंकू, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गणपती, आश्विनात भोंडला आणि पाठोपाठ कोजागरी. मधल्या रिकाम्या जागांत दादाचे कॉलेजातले मित्र, वहिनीची भिशी आणि कधीमधी गाण्याची बैठक. बोलावून येणाऱ्यांपेक्षा ‘इकडे आलो होतो, म्हटलं डोकावून जाऊ’ असं म्हणणारेच जास्त. डोकावणारा माणूस जेवल्याशिवाय जात नाही, हा त्या घराचा नियम.

आठवड्याभराने थ्रीडी चित्रं आली. देखणी होती. राखाडी सोफा, त्यावर मोहरीच्या रंगाच्या दोन उशा, काचेच्या टेबलावर बोलमध्ये तीन हिरवी सफरचंदं. खिडकीतून येणारं ऊन कोथरूडचं नव्हतं, बहुधा डेन्मार्कहून मागवलेलं होतं. चार्जरची वायर नाही, आईच्या गोळ्यांचा डबा नाही, दारात चपला नाहीत. आणि माणूस नाही. इंटिरिअरच्या सगळ्याच चित्रांत हे पाहायला मिळतं. घर जितकं महाग तितकं निर्मनुष्य. वहिनीने चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं, बोटाने बसायच्या जागा मोजल्या. सोफ्यावर पाच, खुर्च्या दोन, डायनिंगला सहा.

“यात मी कुठे बसायचं?”

“कुठेही बसा काकू, तुमचंच घर आहे.”

“अगं, तेरा जागा आहेत. तेरा माणसं आली की मी उभी.”

मुलगी हसली, मग हसायची थांबली, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझ्या मते त्या घराचं खरं डिझाइन त्या क्षणी सुरू झालं.

कारण पाहुण्यांची सोय हा काही फार मोठा प्रश्न नाही. पाहुणा सोयीस्कर प्राणी आहे. तो सतरंजीवर बसतो, सोफ्याच्या हातावर बसतो, खिडकीच्या कट्ट्यावर बसतो, आणि कुठेच जागा नसली तर ‘मी आपला उभाच बरा, ऑफिसात बसूनच असतो’ असं म्हणून आपल्यालाच धीर देतो. अवघड असतं ते घरच्या बाईला त्यांच्यात आणून बसवणं. मंडळी चार चार तास गप्पा मारतात, पोटभर जेवतात, आणि जाताना तिला म्हणतात, “तुमच्याशी बोलणंच झालं नाही हो!” ती म्हणते, “पुन्हा या ना.” पुन्हा येतात. पुन्हा तेच.

जुन्या वाड्यांत या प्रश्नाचं उत्तर भिंतींनीच देऊन टाकलेलं असे. दिंडी दरवाज्यातून आलेला कामाचा माणूस ओसरीपर्यंत, ओळखीचा सोप्यात, नात्यातला माजघरात. देखणेपण वाड्यात होतंच. शिवाय फर्निचर जवळजवळ नाही, भिंतच कपाट. हल्ली ‘बिल्ट-इन स्टोरेज’ म्हणून जे चौरस फुटाच्या दराने विकतात, ते देवळी, कोनाडा आणि फडताळ या नावांनी घराबरोबरच मिळायचं. पण वाड्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हेही आठवावं, की कोणी कुठवर यायचं हे त्या भिंती जात पाहून ठरवत. पडवीतल्या कोनाड्यात एखादी वेगळी कपबशी कोणासाठी तरी ठेवलेली असे. बाहेरची मैफल घरातल्या बायका दाराआडून ऐकत आणि पुरुषांच्या पंगती उठल्यावर, भाजी उरली असेल तर भाजीशी, नसेल तर लोणच्याशी जेवत. तसं घर परत नको. कोनाडे तेवढे घ्यावेत.

चाळीने मात्र हा प्रश्न न सोडवताच सोडवला. मुंबईत वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्यात घरची माणसं मावताना मारामार, पाहुणा कुठून मावणार? पण मावायचा, कारण तो खोलीचा पाहुणा नसायचाच, मजल्याचा असायचा. चहा एकीकडे, अंघोळ दुसरीकडे, पाठ टेकायला तिसरीकडे. आणि यजमानीणबाई दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये पाय पसरून तांदूळ निवडत सगळ्यांशी बोलत असायची. तिला आत जायला जागाच नव्हती, म्हणून ती माणसांत होती.

फ्लॅट आला आणि ती परत आत गेली. त्याची एक गंमत आहे. १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईंनी, त्या स्वतः वास्तुविशारद, जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या डायनिंग कारमध्ये एवढ्याशा जागेत इतक्या जणांचा स्वयंपाक कसा होतो, हे पाहून त्यांनी ते बेतलं. हेतू सरळ होता, बाईची पावलं वाचावीत. पावलं वाचली. पण त्या खोलीत दुसरं माणूस मावेना, आणि पुढे त्याच स्वयंपाकघरावर टीका झाली की त्याने बाईला घरापासून तोडलं. आपल्या बिल्डरांनी त्यातलं पावलं वाचवण्याचं शास्त्र सोडून दिलं आणि आकार तेवढा उचलला. आता त्या आकारात पुरणपोळ्या करून दाखवाव्यात. एकजण पुरण वाटतेय, एकजण लाटतेय, एकजण भाजतेय, आणि स्टुलावर बसून एक ज्येष्ठ व्यक्ती ‘तवा तापलाय’ असं दर दोन मिनिटांनी सांगतेय. शिवाय दारात एक पाहुणी उभी असते, ‘मी काही मदत करू का?’ असं विचारत. हा प्रश्न नेहमी नेमक्या त्याच जागी उभं राहून विचारला जातो, जिथे उभं राहिल्यामुळे कोणालाच आत-बाहेर करता येत नाही.

मुलीने ओपन किचन सुचवलं. आई एवढा वेळ गप्प होती.

“म्हणजे फोडणी हॉलमध्ये?”

फोडणीचं निभावलं असतं. दादाला रविवारी सुकट लागते, आणि चिमणीच्या कागदावरचा आकडा कितीही मोठा असो, सुकट तिला जुमानत नाही. त्यावर आईची दुसरी अट: शेगडी आग्नेय कोपऱ्यात आणि स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला. आग्नेय कोपऱ्यात पूर्वेला तोंड करायचं म्हणजे बाहेरच्या भिंतीकडे तोंड आणि पाहुण्यांकडे पाठ. तासभर वाद झाला. मुलीने सासू-सुनेत न पडता तोड काढली. शेगडी शास्त्राप्रमाणे, भिंतीकडे. पण पोळ्या लाटायचा ओटा हॉलच्या बाजूला. लाटताना तोंड कुठे असावं, याबद्दल शास्त्र काही बोलत नाही. मधली भिंत पाडून तिथे सरकत्या काचा बसवल्या, सुकटीच्या दिवशी बंद, एरवी उघड्या. ओटा वहिनीच्या उंचीप्रमाणे ३३ इंचांचा, आणि त्याला लागून हॉलच्या बाजूने ४२ इंचांचा कट्टा. मधल्या नऊ इंचांनी पीठ, सालं, उष्टे चमचे असा सगळा पसारा झाकला जातो. बाहेरून घर चित्रातल्यासारखं आवरलेलं, आत रणधुमाळी. मदत विचारणारी पाहुणी आता कट्ट्यावर कोपरं टेकून मटार सोलते. उभ्या माणसाला टेकायला काही मिळालं की ते वाटेत येत नाही, ही साधी गोष्ट कितीतरी महागड्या घरांना समजलेली नाही.

तळणीला कोण, हा प्रश्न उरला. पुऱ्या तळणाऱ्याची पाठ पाहुण्यांकडेच राहणार. तिथे दादाला उभं केलं. माणसं त्याने बोलावलेली असतात.

बसायच्या जागांचं मात्र मुलीला पटवून द्यावं लागलं. आपल्याकडे सगळे सोफे भिंतीला चिकटवायची रीत आहे, मधे रिकामं मैदान. अशा हॉलमध्ये मंडळी एकमेकांकडे पाहतात, बोलत नाहीत. १९५०च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका मनोरुग्णालयात असंच घडलं होतं. वृद्ध स्त्रियांचा वॉर्ड नव्याने सजवला, रंग आनंदी, सामान कोरं. तरी आज्या भिंतीला पाठ लावून गप्प बसलेल्या. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने तिथे छोटी चौकोनी टेबलं आणि त्यांच्याभोवती खुर्च्या मांडल्या. आज्यांना प्रथम आवडलं नाही, पण काही आठवड्यांत बोलणं दुपटीच्या घरात गेलं. कॅफेटेरियातल्या टेबलांवरही त्याने पाहणी केली. टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलेली माणसं शेजारी शेजारी बसलेल्यांच्या दुप्पट बोलत होती, आणि शेजारी बसलेली समोरासमोर बसलेल्यांच्या तिप्पट. म्हणजे ज्या समोरासमोरच्या सोफ्यांवर आपण एवढे पैसे घालतो, ती न बोलण्याची उत्तम सोय.

तीन जणांच्या सोफ्याचंही तसंच. त्यावर दोघेच बसतात. मधल्या जागेवर उशी बसते. म्हणून दोघांचे दोन सोफे काटकोनात घेतले, भिंतीपासून सुटे. एका बाजूला दिवाण, त्यावर गादी आणि तक्के. सोफ्याची बैठक १८ इंचांवर. कॅटलॉगमधला सोफा १४ इंचांचा आणि फार देखणा होता, पण त्यात आत्याबाई बसल्या असत्या तर त्यांना पुढच्या कार्यक्रमापर्यंत तिथेच राहावं लागलं असतं. कापड काढून धुता येईल असं, आणि रंग हळदीशी भांडण न काढणारा.

सेंटर टेबलावर मात्र वहिनी अडून बसली.

“ते नको. फुगडीला जागा लागते.”

“किती?” मुलीने पेन्सिल उचलली.

किती ते कोणालाच सांगता येईना. आजवर कोणी फुगडी इंचांत मोजली नव्हती. फ्लॅट रिकामा, खाली दोन बाय दोनच्या फरशा. वहिनीने पदर खोचला, मुलीला म्हणाली, “ये गं.” मुलीने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली. दोघींनी हातांची अढी घातली, पावलं जुळवली, मागे रेलल्या आणि सुरू झाल्या. भिंती उघड्या असल्यामुळे पावलांचा आवाज दुप्पट. मिस्त्री आणि त्याचे दोन कारागीर रंधा थांबवून दाराशी उभे. मिस्त्री डोळ्यांनीच फरशा मोजत होता. वहिनीची वेणी सुटली, मुलीचं हसू आवरेना. थांबल्यावर मिस्त्री पुढे आला, टेप टाकली आणि म्हणाला, “वहिनी, साडेतीन फरशा. सात फूट धरा. बाजूला टाळ्या वाजवणाऱ्या उभ्या राहणार, ते वेगळं.” पुढच्या ड्रॉइंगमध्ये हॉलच्या मधोमध तुटक रेषांचं एक वर्तुळ आलं आणि त्यात तिरप्या सुबक अक्षरांत ‘फुगडी’. वास्तुविशारदांच्या महाविद्यालयांत हे शिकवत असतील असं वाटत नाही. सेंटर टेबल गेलं, त्याऐवजी एकात एक जाणारी तीन छोटी टेबलं आली. भोंडल्याचा पाट आणि त्यावरचा हत्तीही त्याच वर्तुळात बसतो.

सामानाच्या बाबतीत वहिनीने मिस्त्रीला थेट समोर बसवलं. मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र, चाळीस ताटांची चळत आणि माहेरची पितळी परात असं सगळं जमिनीवर मांडलं आणि म्हणाली, “आधी हे मोजा, मग ट्रॉल्या करा.” एरवी होतं उलटं. ट्रॉल्या आधी, त्यात काय मावतं ते नंतर, आणि परात कायमची गॅलरीत. मिस्त्रीने १९ मिलिमीटरची प्लाय सांगितली, पाण्याच्या बाजूला वॉटरप्रूफच, आणि परातीच्या फळीला मधे टेकू. तीन-चार फुटांची फळी नुसत्या दोन टोकांवर ठेवली तर पितळेखाली हळूहळू पोट सोडते. बाहेरून सगळं एकाच फिकट सनमायक्याचं, कड्या नाहीत, डाग दिसणार नाहीत. त्या गुळगुळीत दारांमागे अख्खं मंगल कार्यालय आहे, हे कोणाला सांगून खरं वाटत नाही.

दिव्यांवर फार बोलत नाही. आपल्या लोकांना पांढरी ट्यूबलाइट प्रिय आहे, आणि तिच्या उजेडात पाहुणे रक्त तपासायला आल्यासारखे दिसतात. जेवणाच्या टेबलावर ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला. आईला निवडण-टिपणासाठी पांढरा दिवा वेगळा, तिच्या बटणावर.

आवाजाचं मात्र सांगायला हवं. काच, फरशी आणि उघड्या भिंती अशा हॉलमध्ये वीस माणसं बोलायला लागली की प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवतो, आणि तासाभरात डोकं उठतं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात हीच तक्रार होती. फॉग म्युझियमच्या व्याख्यानाच्या खोलीत एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. प्राध्यापकाचं पुढचं वाक्य मागच्या वाक्यात बुडायचं. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. त्याने सँडर्स थिएटरच्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, खोलीत अंथरायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळी थिएटर उघडायच्या आत गाद्या जागच्या जागी. ध्वनिशास्त्राचं एक मोठं सूत्र असं गाद्या वाहून निघालं, आणि १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल त्याच्या आधारावर बांधलं. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “यात नवीन काय? बैठकीला गाद्या घालतातच.” बरोबर आहे. आपल्याकडे गादी, लोड, जाजम यांवाचून गाणं बसत नाही. म्हणून ब्लाइंड्सऐवजी जाड पडदे घेतले, एक भिंत पुस्तकांना दिली आणि पलंगांच्या पोटात गाद्यांची सोय केली. माणसंही आवाज शोषतात, हे सेबाइननेच दाखवलं. म्हणजे गाणं चांगलं व्हायला बोलावणी सढळ हाताने करावीत, असा अर्थ दादाने काढला.

एवढं सगळं होऊन वहिनी बसते कुठे? कट्ट्यामुळे ती बोलू लागली हे खरं, पण लाटताना उभीच. डायनिंगच्या कोपऱ्यातली खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवली, तर ती पहिल्याच दिवशी एका काकांनी पटकावली.

जागा सापडली ती भलतीकडे. मराठी माणसाचं निघणं तीन हप्त्यांत होतं. पहिलं ‘चला, निघतो’ सोफ्यावरून, ते कोणी मनावर घेत नाही. दुसरं उभं राहून. तिसरं दारात, चपला घालताना, आणि जे सांगायचं असतं ते तिथेच सांगितलं जातं. मुलीचं जमतंय. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. भावाशी पुन्हा बोलणं सुरू झालंय. तेव्हा वहिनी मोकळी असते, नॅपकिनला हात पुसत दारात आलेली. अर्धा पाऊण तास सगळे एका पायावर, एका हातात चप्पल. गोव्यातल्या जुन्या घरांना बल्कांव असतो. पायऱ्या चढून गेलं की दाराच्या दोन्ही अंगांना बांधलेली बसायची जागा, धड घरात नाही, धड रस्त्यावर नाही. दादाने कधीतरी ती पाहिली होती. इथे दाराच्या आतल्या बाजूला चपलांचं कपाट यायचं होतं, छातीएवढ्या उंचीचं. ते कापून बैठं केलं, चार फूट लांब, १८ इंच उंच, वर जाड गादी, खाली चपलांचे खण.

आता तिसरं ‘निघतो’ तिथे बसून होतं. एका टोकाला वहिनी, बाजूला आणखी दोघं, बाकीचे भिंतीला टेकून. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला आहे. परवा कोणीतरी म्हणालं, “आता इथवर बसलोच आहोत तर अर्धा अर्धा कप...” आणि उठला तो दादा.

डिझायनर मुलगी हल्ली दुसऱ्या घरांतही दारात बाक सुचवते म्हणे. तिथल्या काकूंचा पहिला प्रश्न असतो, “त्याच्या खाली ड्रॉवर निघेल का?”